झाकलेले आरसे

“आरशांवर चादरी कुणी टाकल्या?” सेल्वी अक्का झाडू हातात धरून वॉचमनला तमिळमध्ये विचारत होत्या. “कुणी मेल्यासारखं दिसतंय.”

मी जिमनॅस्टिक्सच्या हॉलच्या दारात चपला काढत होते. पाच मिनिटांनी फोन आला. आमच्या कोच हन्ना मिस पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

मिस मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. एकेकाळी बॅलन्स बीमवर, म्हणजे कसरतीच्या त्या उंच, अरुंद पट्टीवर, देशात पहिल्या. लहानपणी ओढ्यावर टाकलेल्या माडाच्या खोडावरून शाळेत जात, तिथेच तोल सांभाळायला शिकल्या. नोकरीच्या बदलीने तंजावरला आल्या, इथल्या कालव्यांवर तशीच खोडं दिसली आणि राहिल्या. तिरुवैयारुच्या वाटेवर एका कालव्यापाशी आम्हाला नेत आणि पलीकडून ओरडत, “पाण्याकडे बघू नकोस. पाणी तुझ्याकडे बघतंय, तेवढं पुरे!”

माझी शाळा इंग्रजी, आणि घरी बोलतात ती तंजावरची मराठी, निम्मी तमिळ. त्यामुळे मिससमोर माझं तोंड उघडत नसे. “अगं, तू बोलतेस ती माझ्या पणजीची मराठी आहे. लाजतेस कसली?” त्या म्हणत. बीमवर खडूने अक्षरं काढून त्यांनीच मला देवनागरी शिकवली.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली, शिकवणं मात्र थांबलं नाही. पाय कुठे वाकडा पडला ते आवाजावरून सांगत. एकच नियम होता. चढण्याआधी त्या विचारत, “आहेस ना?” आणि मुलीने “आहे” म्हणायचं. मी नुसता हात वर करायचे.

“हात मला ऐकू येत नाही गं...”

त्यांची आई गेली तेव्हा त्यांनी घरातला आरसा सात दिवस झाकला होता. त्यांच्यात तशी रीत आहे. “इथे माझ्यामागे कोण झाकणार?” असं त्या तेव्हा सहज बोलून गेल्या होत्या.

मिस गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी विसरलेली बाटली घ्यायला हॉलवर परत गेले. मिस बीमशेजारी एकट्याच बसल्या होत्या, मांडीवर चादरींच्या घड्या. धोब्याकडच्या असतील, मला वाटलं. माझी पावलं त्यांनी ओळखली असणार. “आहेस ना गं?” त्यांनी विचारलं. उत्तर दिलं तर बोलत बसावं लागेल, म्हणून मी श्वास रोखून उभी राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी बाटली उचलली आणि हळूच निघून आले.

सातव्या दिवशी चादरी काढायला मी एकटीच गेले. प्रत्येकीच्या कडेवर हाताला लावायच्या पावडरीची पांढरी बोटं उमटली होती. शेवटची चादर ओढली, आरशात माझ्या पाठीमागचा रिकामा बीम दिसला, आणि तो करकरला. चढण्याआधी कुणी हात टेकवावा तसा. मग सगळं शांत... कुणीतरी उत्तराची वाट बघत असल्यासारखं. पाय दाराकडे वळत होते. तरी मी मागे फिरले, बीमवर तळवा ठेवला आणि मोठ्याने म्हणाले,

“आहे, मिस. त्या संध्याकाळीही मीच होते.”