हेल्मेट घालून बसलेली नवरी

मी कमी बोलते, हे सासरी लग्नाच्या मांडवातच सगळ्यांना कळून चुकलं होतं. सासूबाई तर ज्याला त्याला कौतुकाने सांगत, "सून गुणाची हाय, आवाजच नाई तिले." तर ज्या एका दिवशी मी स्वतःहून तोंड उघडलं, त्या दिवशी काय झालं ते ऐका. चहाचा कप हातात आहे? मग आधी खाली ठेवा. सांडेल.

आमची तन्वी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंची मुलगी. वय सहा, तोरा साठ वर्षांचा. तिला रक्ताचा आजार. नागपूरला उपचार चालतात, मधल्या काळात ती इथे रिठदला घरी असते. त्या नागपुरात मोटरसायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. दर हिवाळ्यात ते मोठमोठ्या गाड्या घेऊन अशा आजारी लेकरांसाठी फेरी काढतात. मदत गोळा करतात, त्यातून आईबापांच्या राहण्या-जेवणाची सोय होते. आणि वाटेत ज्या लेकराचं घर लागेल, त्याला गाडीवर बसवून गावातून मिरवतात. या वर्षी फेरी आमच्या दाराशी येणार होती!

तन्वीने सकाळी उठल्या-उठल्या बापाचं हेल्मेट डोक्यात घातलं. ते घालूनच चहात बिस्किट बुडवलं. अर्धं बिस्किट काचेला लागलं, पण हेल्मेट काही निघालं नाही.

घरावर फुगे लावले. हे आणि भासरे, म्हणजे तन्वीचे बाबा, रस्ता दाखवायला फाट्यावर गेले. जाऊबाई आत तन्वीच्या मागे फ्रॉक घेऊन धावत होत्या. सासूबाई पोह्यांत अडकलेल्या.

"तू दारात उभी राह्य," सासूबाई म्हणाल्या. "पाहुने आले का दोन शब्द गोड बोल. घुम्यावानी उभी नको राहू. एवढ्या दुरून येऊन राह्यले बिचारे."

मी दोन वाक्यं तयार केली. मनात घोकली. तेवढ्यात फटफट आवाज करत, धूळ उडवत गाड्या आल्या आणि थेट फुग्यांखाली थांबल्या.

आता, नव्या सुनेने पाहुण्या पुरुषांसमोर पदर घेऊन मान खाली ठेवायची, अशी आमच्याकडे अजून रीत. त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते फक्त घोट्यापर्यंत. टायर, चपला, सँडल आणि सगळ्यांत पुढे बुलेटजवळ एक काळे चकचकीत बूट.

"जय भीम, सूनबाई," एक जाड चप्पल म्हणाली. "पोरीचं घर हेच काय?"

"जय भीम. हाव जी, हेच." मनात म्हटलं, किती चांगली माणसं! आणि सोडली माझी वाक्यं. "तुमी आले, लय बरं वाटलं. पोरीचं दुखनं ऐकून आमचे जवळचे लोकं याचे बंद झाले. तुमी तं सारं माहीत असून आले."

चपलांनी एकमेकींकडे तोंडं वळवली.

"कोनतं दुखनं?"

बघा, मला वाटलं हा विनय. भल्या माणसांना उपकार बोलून दाखवायला आवडत नाहीत ना! मला भरून आलं. आणि भरून आलं की माझ्यासारख्या गप्प माणसाचं काय होतं माहिती आहे? बांध फुटतो.

"रक्ताचं," मी म्हटलं. "किती डाव नागपूरले भरती केलं. सारे केस गेले. पन आता तब्येत सुधरून राह्यली."

"केस गेले?"

"हाव. टोपी घालते रोज. आज तुमच्यासाठी हेल्मेट घालून बसली हाय."

"हेल्मेट?"

"काढालेच तयार नाई! म्हनते, ज्याची गाडी सगळ्यात मोठी, त्याच्याच मागं बसीन अन् साऱ्या गावातून चक्कर मारीन. मंगच काढीन."

काळे चकचकीत बूट दोन पावलं मागे गेले. एक सँडल बाजूला होऊन फोनवर कुजबुजायला लागली. मला वाटलं, मागे राहिलेल्यांना रस्ता सांगत असेल.

"सूनबाई," जाड चप्पल जड आवाजात म्हणाली, "हे आमाले आधी काहून नाई सांगतलं कोनी?"

तेवढ्यात शेजारचं फाटक करकरलं. आमच्या चुलत सासूबाई, बेबीकाकी, नव्या कोऱ्या साडीत बाहेर धावल्या.

"अवो पाहुने! तिकडं कुठं? इकडं या! वैशालीचं घर हे हाय!"

मी मान वर केली. लग्नानंतर इतकी वर मान मी पहिल्यांदाच केली असेल. ना कुणाच्या अंगात जॅकेट, ना गाडीला झेंडा. पांढरे शर्ट, एक मिशीवाले मामा आणि काळ्या बुटांत चक्क केसांना तेल लावून आलेला एक नवरदेव!

मुलगी पाहायला पाहुणे येणार, ही गोष्ट जमेपर्यंत शेजारच्या भिंतीलाही कळू द्यायची नाही, अशी काकींची शिस्त. शेजारची भिंत म्हणजे आम्ही.

आणि वैशाली म्हणजे काकींची मुलगी, सासरची माझी एकुलती एक मैत्रीण. शिरपूरच्या या मुलाला तिने कुणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना मला म्हणाली होती, "वहिनी, हे जमलं तं जमलं. नाई तं दुसऱ्या कोनासमोर मी चहाचा ट्रे घेऊन नाई जात." त्याच एकमेव स्थळासमोर मी तिला उभ्या उभ्या टकली करून ठेवलं होतं!

"बाई," मामा काकींना म्हणाले, "पोरीचं एवढं मोठं दुखनं लपवून ठेवलं?"

"कोनाच्या पोरीचं?"

"हे सूनबाईच सांगून राह्यल्या."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आणि मी? इतका वेळ रेडिओसारखी चालू असलेली मी ठार मुकी झाले. खिडकीत वैशाली उभी होती. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आत्ताच्या आत्ता इंझोरीला, माहेरी पळून जावं.

मामांनी गाडीला किक मारली.

तेवढ्यात आतून आमचं हेल्मेट चालत आलं. खाली गुलाबी फ्रॉक. ते थेट बुलेटसमोर जाऊन थांबलं, काच वर झाली.

"काका, हेच सगळ्यात मोठी हाय काय?" आवाजात घोर निराशा.

काळे बूट थबकले. त्याने हेल्मेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फुग्यांकडे पाहिलं आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो खाली बसला. "सध्या तं हेच हाय. चालते का?"

"चालते. पन मोठी आली का मी उतरीन."

मामांनी किक मारलेली गाडी बंद केली. काकींना सगळा उलगडा झाला आणि त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तन्वीला बुलेटवर बसवून तो पारापर्यंत जातो न जातो, तोच खऱ्या गाड्या आल्या. बापरे, काय त्या गाड्या! जमीन हलली. तन्वी शब्दाला पक्की. तिने बुलेटवाल्याला तिथेच सोडलं आणि सगळ्यांत मोठ्या गाडीवर, एका दाढीवाल्या काकांच्या पुढ्यात जाऊन बसली. मागे सगळा ताफा आणि ताफ्याच्या शेवटी शिरपूरचे पाहुणेही! मामा तर कुणाच्या तरी मागे बसून हात हलवत होते. गाव बाहेर येऊन टाळ्या वाजवत होतं. जाऊबाई दाराला टेकून रडत होत्या, आणि ते रडणं नागपूरच्या रडण्यापेक्षा वेगळं होतं.

पाहण्याचा कार्यक्रम नंतर झाला, पण नावापुरता. त्याने जाता जाता खिडकीकडे पाहिलं, खिडकी हसली. जमलं.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्या फोनवर कुजबुजणाऱ्या सँडलचं काय?

त्या सँडलने शिरपूरला कळवलं होतं, नवरी टकली हाय. नंतर खरं काय तेही कळवलं म्हणे. पण पहिली बातमी साऱ्या गावात पोचली होती, दुसरी ओसरीतच राहिली.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी शिरपूरची प्रत्येक बाई वैशालीच्या तोंडावरून हात फिरवायची आणि तोच हात मागे नेऊन हळूच वेणी ओढून पाहायची. वैशाली ओठ चावून हसू दाबत होती. मी कोपऱ्यात, काकींच्या हुकमाने तोंड बंद.

शेवटी एक आजी आल्या. त्यांनी हळूच वगैरे नाही, चांगली दोन्ही हातांनी वेणी ओढली. "पक्की हाय," त्यांनी जाहीर केलं. मग त्यांची नजर घरातल्या बायकांवरून फिरत फिरत माझ्यावर थांबली. "पन केस गेले म्हन्ते ते याच घरातल्या कोनाचे तरी असतीन ना?"

मी तोंड उघडणार, तर काकींनी डोळे वटारले. आजी आल्या, माझा पदर सारला आणि माझी वेणी धरून ओढली.

आता, समारंभासाठी मी गंगावन लावलं होतं. माझे केस मुळातच चार बोटं, त्याला मी काय करू?

भरल्या मांडवात आजींच्या हातात लांबलचक वेणी, गजऱ्यासकट. तेवढ्यात तन्वी पुढे आली आणि माझा हात तिने अगदी मोठ्या माणसासारखा हातात घेतला.

"काकू, भेऊ नको. आपन तुले नागपूरले माह्या डॉक्टरलेच दाखवू."