ताटावरचा हात

नव्या तांदळाच्या भाताचा वास आला की तिरोड्याच्या घरातली ती दुपार आठवते. पोलंडमधल्या एका बाईंना मी जेवता जेवताच मोबाईलवर व्हिडिओ कॉलने इंग्रजी शिकवत होते. तुलना कशी करायची, 'पुरे' कसं म्हणायचं, हे तीनदा समजावूनही त्या बोलायला घाबरत होत्या, शिकवणी सोडायच्याच बेतात होत्या. तेवढ्यात आई भात वाढायला आली. मी "पुरे" म्हणत ताटावर हात आडवा धरला. "काऊन वो, एवढ्यानं पोट भरते का?" म्हणत तिनं माझ्या हातावरच भात वाढला. पडद्यावर बाई खळखळून हसल्या आणि पहिल्यांदाच न अडखळता इंग्रजीत म्हणाल्या, "तुझ्या हातापेक्षा तुझ्या आईत जोर जास्त आहे. माझीही अशीच होती." इतक्या जणांना 'पुरे' शिकवलं मी, पण आज माझी लेक ताटावर हात धरते तेव्हा ते मलाच कळत नाही.