आत्याचा ट्रॅक्टर अजून पाणी धरतो

सुमनआत्या गेली त्या सकाळी मी अंबरनाथला ऑफिसात नुकतीच पोचले होते. वांगणीहून तिच्या शेजारच्या रंजनाताईंचा फोन आला. "ताई, आत्या आज उठल्याच नाहीत..." एवढंच त्या म्हणाल्या, आणि मला पुढचं विचारावं लागलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी झोपेतच गेली. त्याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, फार सोशिक होती हो. मी ऐकून घेते, पण ते खरं नाही. माझी आत्या अजिबात सोशिक नव्हती. हट्टी होती, आणि तिचा हट्ट शेडमध्ये उभा असायचा.

तो ट्रॅक्टर आजोबांनी आणलेला. आजोबा कारखान्यात फिटर होते. वांगणीला त्यांनी दीड एकर शेत घेतलं तेव्हा गावात बैल होते, नांगर होते, पण आमच्या बौद्धवाडीची पाळी सगळ्यांची शेतं उरकल्यावर यायची. तोवर जमिनीतली ओल उडून गेलेली असायची. आजोबांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि तिसऱ्या वर्षी कुठूनसा एक जुना, तिसऱ्या हातचा ट्रॅक्टर आणून दारात उभा केला. त्यानंतर आमचं शेत कधी कुणासाठी थांबलं नाही. आजोबांनंतर तो आत्याकडे आला, कारण माझ्या बाबांना ट्रॅक्टरमध्ये रस नव्हता आणि आत्याला लग्नात.

आत्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होती. बॉयलरमध्ये जाणारं पाणी तपासायचं, हे तिचं तीस वर्षांचं काम. क्षारांचं जड पाणी लोखंडाचं काय करतं हे तिला पाठ होतं. "बोअरचं पाणी माणसाने प्यावं, इंजिनाला पाजू नये," असं ती म्हणायची. क्षारांचा पांढरा थर आतून साचत जातो, वाटा बुजतात, आणि इंजिन तापतंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून रेडिएटरसाठी ती पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून फडक्यातून गाळून ठेवायची. भात कापून झालं की दरवर्षी खालची तोटी उघडून जुनं पाणी काढायचं, धुण्याचा सोडा घातलेलं पाणी भरायचं, इंजिन थोडा वेळ चालवायचं, गार होऊ द्यायचं, मग काढायचं. गढूळ, तांबूस पाणी यायचं. ते नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायची. रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं भुसकट जुन्या ब्रशने काढायची. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायची... बोटभर दबला पाहिजे, जास्त नाही, कमी नाही. या कामाला ती कुणालाच हात लावू द्यायची नाही. शेवटच्या काही वर्षांत फक्त मला लावू दिला.

एकदा जाळी गळायला लागली तेव्हा आम्ही दोघी ती रिक्षात घालून उल्हासनगरला घेऊन गेलो. तिथे एक म्हातारे सिंधी कारागीर होते. जाळी उलटसुलट करून म्हणाले, "दीदी, ये पुराना माल है. तांबा मेरे को दे दो, नया डालो."

"चाचा, तांबा आहे म्हणूनच आणली," आत्या म्हणाली. "डाग मारून द्या. पुढची वीस वर्षं चालवायचीय."

"आप चलाओगी? बीस साल?"

"मी नाही तर ही."

चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि डाग द्यायची बत्ती पेटवली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमच्या शेताला लागून इमारती उठत होत्या. साइटवरचा एक माणूस गावभर सांगत सुटला होता की म्हातारीच्याने आता शेती होत नाही, जमीन पडीकच आहे, आज ना उद्या विकेल. आत्याच्या कानावर आलं. वाल पेरायचा होता, तिने नांगरट काढली. हा माणूस दोघातिघांना घेऊन बांधावर येऊन उभा राहिला. आणि नेमका अर्ध्या शेतात ट्रॅक्टर वाफ सोडायला लागला. ते हसले. एकजण म्हणाला, "काकू, गार पाणी ओता ना वरून."

आत्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. "तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकतं," ती म्हणाली. "तुम्हाला घाई असेल तर जा. मला नाही."

मग ती बांधावर बसून भाकरी जेवली. सावकाश... तासभर. मग रेडिएटरच्या झाकणावर गोणपाट टाकून ते अर्धा फेर सैल केलं, राहिलेली वाफ जाऊ दिली, तेव्हा कुठे उघडलं. वरचा रबरी पाइप टोकाशी फाटला होता. तिने सुरीने तेवढं टोक कापलं, पाइप पुन्हा चढवून क्लॅम्प आवळला, हळूहळू पाणी भरलं आणि संध्याकाळपर्यंत नांगराचं शेवटचं तास काढलं. तो माणूस अजून तिथेच घुटमळत होता. जाता जाता त्याच्यापाशी ट्रॅक्टर थांबवून तिने विचारलं, "पडीक तुकडा कुठला म्हणालात?"

आत्याच्या पुण्यानुमोदनाला आलेले लोक पांगल्यावर बाबा म्हणाले, "भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. उगाच जागा अडते."

"नाही द्यायचा," मी म्हटलं.

"तुला चालवता येतो?"

"तिने शिकवलाय. आणि येत नसता तर शिकले असते."

बाबा वाईट नाहीत. बहिणीची वस्तू डोळ्यांसमोर नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, हे मला नंतर कळलं.

गेल्या रविवारी बदलापूरहून सोड्याचं पाकीट घेऊन बाबांबरोबर वांगणीला गेले. यंदा भात कापायच्या आधीच ती गेली, तेव्हा धुण्याचं काम राहिलंच असणार, असं मी धरून चालले होते. गार रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं. खालची तोटी जराशी सैल करून पेलाभर काढलं, उजेडात धरलं... नितळ. पाइपांना नवे क्लॅम्प होते. पट्टा दाबला, बोटभर दबला. कापणीची वाट न बघता तिने यंदा सगळं आधीच करून ठेवलं होतं. का, ते मला माहीत नाही. मी तिथेच जमिनीवर बसले आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा रडले.

मग उठले. पेल्यातलं पाणी परत आत ओतलं, झाकण लावलं. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. बाबा शेडच्या दारात येऊन उभे होते. "त्या भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. मी तळहात जाळीच्या वरच्या टाकीवर ठेवून थांबले. हळूहळू हाताखाली ऊब आली, मग खालच्या पाइपातही. पाणी फिरत होतं. मी वर चढले आणि ट्रॅक्टर शेतात घातला.