चाळीशी

दुपारपासून सरिताला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तिने टोक जिभेवर ओलं केलं, दातांनी तोडलं, पुन्हा पिळलं. सुई नाकाजवळ आणली की दोन दिसत, लांब धरली की नेढंच हरवे. संध्याकाळी कामिनी ब्लाउज न्यायला येणार होती आणि एकही हुक लागला नव्हता.

सक्करदऱ्यात तिच्या हातशिलाईचं नाव होतं. चष्मा चौथीतच लागलेला. शाळेत 'ढापणी', लग्नानंतर नवऱ्याच्या, प्रीतमच्या, तोंडीही 'ढापणी'. पण शिवायला बसली की ती चष्मा काढून ठेवी, कापडाला नाक लावल्यासारखी वाके आणि मुंगीच्या पायाएवढा टाका घाली.

लेझरचं लेकीने काढलं. "आई, माझ्या लग्नात तरी तुझे डोळे दिसू दे," मेघा म्हणाली. सरिताला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण, घाईतली. "दूरचा नंबर जाईल, पण चाळीशी लागेल हं ताई. चालेल ना?"

सरिता हसली. "लागली की मॅडम, कधीचीच! त्रेचाळीस चालू आहे."

"मग काही प्रश्नच नाही," डॉक्टरीणही हसली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सरिताने गच्चीवरून उमरेडच्या एसटीची पाटी वाचली, प्रीतमला दोनदा ऐकवली. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडायला घेतले, तर खडे दिसेनात. डोळे अजून कोरडे असतील म्हणून तिने थेंब घालत महिना काढला. मग दवाखान्यात भांडायलाच गेली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," डॉक्टरीण गोंधळून म्हणाली. "चाळीशी म्हणजे जवळचा चष्मा. तुम्ही म्हणालात, लागलाय."

"मले वाटलं तुमी वय विचारून राहिल्या!"

"अहो, चष्मा काढून तुम्हाला बारीक दिसायचं ते त्या नंबरामुळेच. नंबर गेला, तेही गेलं."

हे आधी नीट सांगायला तोंड दुखत होतं का, हे रिक्षात बसल्यावर तिला सुचलं.

आता प्रीतमने आपली चाळीशी तिच्यापुढे धरली. "घे माही."

"नाही पाहिजे."

"काहून वं?"

"चौथीपासून चष्मा वागवला, डोळ्याले लेझर मारून घेतला, अन् आता तुमचा उष्टा लावू?"

"उष्टा? खाचा आहे का तो?"

त्याची पाठ वळल्यावर तिने चष्मा नाकावर चढवला. दोरा पहिल्याच फटक्यात गेला. त्याचाच तिला जास्त राग आला. रागारागातच तिने हुक लावले.

दारात कुणीतरी उभं राहिलं. चेहरा धूसर.

"कोण आहे वं?"

"मी कामिनी, काकू! अन् हे काय? ऑपरेशन करूनबी चष्मा?"

सरिताने झटकन चष्मा काढला. कामिनीची टिकलीसुद्धा लख्ख दिसली. हातातला ब्लाउज मात्र नुसता लाल गोळा.

कामिनीने तो घेऊन उलटापालटा केला. "काकू, हा खालचा हुक उलटा लागला ना?"

हातशिलाईत आजवर कुणी तिची चूक काढली नव्हती. सरिताने ब्लाउज ओढून घेतला, चष्मा पुन्हा चढवला. कामिनीची टिकली विरघळून गेली.

आतून प्रीतम पुटपुटला, "ढापणी."

"ऐकू येते मले," हुक उसवत सरिता म्हणाली. "कानाले नाही मारला लेझर."