श्रुतलेखनातली शेळी

मेथीची अर्धी जुडी निवडून झाली आणि रश्मीचे हात थांबले. नजर खिडकीबाहेर, काड्या पानांत आणि पानं कचऱ्यात.

"आली का तुझी शेळी?" कस्तुराबाईंनी विचारलं. सुनेचं असं काही झालं की सासूबाईंना बरोबर कळायचं.

"आली होती, आत्या. दारातूनच परत गेली."

"मग निदान मेथी तरी वाचली. आण इकडं."

रश्मी राहायची दापोडीत आणि पाचवीचा वर्ग शिकवायची तळवड्यात. सकाळची वंदना, डबे, दोन बस, शाळेत तास आणि तासांहून जास्त माहिती भरण्याची कामं. गोष्टी लिहायची हौस मोठी, पण बसायला सवड नाही. म्हणून तिनं युक्ती काढली होती. श्रुतलेखनाला पुस्तकातला उतारा द्यायचाच नाही. उभ्या उभ्या आपलीच गोष्ट आठ-दहा ओळी सांगायची. मुलांची जोडाक्षरं पक्की होत आणि हिची गोष्ट पुढं सरके. मग कुणाची तरी वही घेऊन बसमध्ये उतरवून काढायची.

यंदाची गोष्ट होती एका शेळीची, जी चुकून कंपनीच्या बसमध्ये चढते आणि थेट चाकणला पोचते. मुलांच्या एका दिवाळी अंकानं ती मागितली होती, रविवारपर्यंत. पण शेळी कारखान्याच्या गेटवर पोचली, सगळ्यांनी तिचे लाड केले आणि गोष्टीची गाडी तिथंच अडली. त्यात आठवडाभर घरोघर मतदार यादी तपासायचं काम आलं. वर्ग जयसिंग सरांकडं गेला. 'यंदा जमणार नाही' असं अंकवाल्यांना कळवायचं तिनं आज मनाशी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मुख्याध्यापक रंगराव सर.

"मॅडम, ती शेळी तुमची का?"

पुस्तक सोडून शिकवल्याची बोलणी आता बसणार. "हो सर. म्हणजे श्रुतलेखनाला…"

"जयसिंगनं आज श्रुतलेखनात ती खाटकाच्या हवाली केली. घंटा व्हायला आली होती म्हणे, गोष्ट संपवायला पाहिजे. पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या. आता पालकांचे फोन. एक तर त्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हरच आहे. म्हणतो, माझ्या गाडीतनं गेलेली शेळी सुखरूप परत आली पाहिजे."

"मग सर, आता?"

"उद्या पहिला तास तुम्ही घ्या. यादीचं काम नंतर. आणि तिला जिवंत करा."

फोन ठेवला आणि रश्मी हसतच सुटली. आठ दिवस गेटवर नुसते लाड करून घेत बसलेली शेळी. तिच्यामागं खाटीक लागल्याशिवाय ती पळणार कशी?

"आत्या, खाटीक आला!"

"दारात?" कस्तुराबाईंनी मान वर केली.

"गोष्टीत."

"मग येऊ दे. मेथी झालीय माझी."

शनिवारी वर्गात शिरताच पोरं उठून उभी राहिली. मागच्या बाकावर जयसिंग सर, चेहरा पडलेला.

"मॅडम, मी आपलं घाईत…"

"तुम्ही खाटीक आणला म्हणून बरं झालं, सर. बसा, तुम्हीपण लिहा."

मग ती सांगू लागली. खाटकाच्या दोरीला मेथीचा वास येत होता. शेळीनं वास घेतला, मग दोरीच खाल्ली, गाठीसकट. सुटताच भोंगा झाला, शिफ्ट सुटली आणि ती लोकांच्या रांगेत उभी राहून घरच्या बसमध्ये चढली. ड्रायव्हरनं तिला खिडकीची जागा दिली. पूर्णविराम.

पूर्णविराम देताच पोरांनी बाकं वाजवली. सगळ्यांत उशिरा वर झाली ती जयसिंग सरांची मान. "मॅडम, 'रांगेत'च्या पुढचं परत सांगा," ते म्हणाले.

मधल्या सुट्टीत रश्मीनं एका मुलीच्या वहीवरून शेवट उतरवला आणि मोबाइलवरून अंकाला धाडला. मग पिशवीत याद्या घातल्या. तळवड्यातल्या शेवटच्या चाळीत मतदारांची नावं तपासायला जायचं होतं.