अंबूबाईचं इरजण

मी बसलो आणि खाली काहीतरी फुटलं. पंच्याऐंशी किलोंचा माणूस बसला म्हणजे बसतोच. राधानगरीच्या वर, अंबूबाईच्या दारूच्या भट्टीपाशी पोतं पांघरलेलं काहीतरी दिसलं. मला वाटलं, पाहुण्यांना बसायला मोडा ठेवलाय. पोत्याखाली मडकं होतं आणि मडक्यात तिचं इरजण.

इरजण म्हणजे गेल्या हंगामातल्या आंबवलेल्या जांभूळरसाचा तळाचा गाळ. तो नव्या रसात कालवला की रस खदखदू लागतो, मग भट्टीवर चढवून त्याची धार धरायची. हे इरजण अंबूबाईला सासूनं दिलं, सासूला तिच्या सासूनं. विस्तव शेजारणीला द्यावा, इरजण देऊ नये, हा घरचा कायदा.

त्यापायी रक्त थोडं सांडलेलं नाही. नवरा, हंबीरराव, एकदा तलफ आली म्हणून इरजणच प्यायला निघाला. अंबूबाईनं फुंकणीनं त्याची दोन बोटं मोडली आणि तिनंच हाडवैद्याकडे नेऊन बांधून आणली. "मरस्तवर वाकडीच ऱ्हायली," हे ती अजून कौतुकानं सांगते.

मग खालच्या वाडीचा अमरसिंह. हा गुळाची गाळणार, वर नवसागर टाकणार. इरजण मागायला आला, मिळालं नाही, तेव्हा दोन गडी आणि कुऱ्हाडी घेऊन परत आला. सगळी मडकी फोडली. अंबूबाईच्या कपाळात कुऱ्हाडीचा दांडा बसला, डोळ्यांत रक्त उतरलं. पण हे मडकं तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. हात अडकलेले, म्हणून तिनं दात वापरले. मोबाईलवर फोटो काढताना अमरसिंह आजही डावा कान पुढं करत नाही. अर्धाच आहे.

एवढ्यातून वाचलेलं ते मडकं, आणि मी बसलो.

भट्टीतलं जळतं लाकूड माझ्या पाठीत बसलं. दुसरं खांद्यावर. शर्टाचा धूर निघाला.

"मेल्या, कुऱ्हाडीला जमलं न्हाय ते तुझ्या ढुंगणानं केलं की रं!"

तिसरा तडाखा मी नडगीवर घेतला आणि आडवा झालो. ती हातातल्या लाकडानं खापऱ्या उलट्यापालट्या करत बसली. गाळाचा थेंब नव्हता, तापलेल्या मातीनं सगळा पिऊन टाकला होता.

"टोपलंभर जांभळं हायत. आंबवू कशानं?" तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "सासूला काय सांगू वर जाऊन?"

मला तोंड वर करवेना. विव्हळत उठलो, पाठमोरा झालो. चौथा तडाखा आलाच नाही. वळून पाहिलं तर अंबूबाई माझ्या पांढऱ्या लेंग्याकडं बघत होती. मागून तो गुडघ्यापर्यंत जांभळाभोर भिजलेला, अजून निथळत होता. तिच्या हातातलं लाकूड खाली आलं. राग गेला वाटतं, म्हणून मी धीर करून विचारलं,

"मावशी, चारची एसटी आहे. निघू का मी?"

"लेंगा काढून ठेवा पावणं, मग खुशाल जावा."