एकदम फिट, मामाजी

सासऱ्यांनी दिलेली वस्तू सैल आहे, हे जावयानं तोंडावर सांगायचं नसतं. हा नियम मला कुणी शिकवला नाही. तो मीच केला आणि मीच त्यात अडकलो.

माझे सासरे (आमच्याकडे त्यांना मामाजी म्हणतात) पुसदला राहतात. सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. यंदा धोंड्याच्या महिन्यात त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. तबकात तेहतीस अनारसे, मध्ये दिवा आणि दिव्याशेजारी लाल डबी. डबीत अंगठी.

"माह्याच बोटातली होय," मामाजी म्हणाले. "गाडी चालवताना सदा हाती असे. आटवून तुमच्या मापाची केली."

त्यांच्या बोटावर अंगठीच्या जागी नुसता पांढरा पट्टा राहिला होता. तो पाहून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू! मग मी अंगठी घातली. घातली म्हणजे काय, बोट आत गेलं आणि अंगठीला त्याचा पत्ताच लागला नाही. हात जरा खाली केला तर ती परत निघाली. मी मूठ आवळली.

"फिट हाये ना, जवाईबापू?"

"एकदम फिट, मामाजी."

त्यानंतर मी अर्धवट आवळलेल्या मुठीनं पुरणाचे धोंडे, वडे आणि कढी जेवलो. कढी कोपरापर्यंत आली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "जवायाच्या हाताले काई झालं का?" मामाजी म्हणाले, "भरून आलं त्यायले. तू वाढ." निघताना त्यांनी माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. "पुढच्या रविवारी लोणच्याच्या कैऱ्या घेऊन येतो महागावले. तवरीक अंगठी काढाची नाई बरं. माह्यं मन हाये तिच्यात."

आमच्या महागावपर्यंत मोटारसायकलवर काही अडचण आली नाही, कारण उजवी मूठ अॅक्सिलरेटरवर होती. घरी पोहोचल्यावर मी हात उलटा केला आणि अंगठी ओट्यावर टणकन पडली. वैशाली, म्हणजे माझी बायको, बघतच राहिली.

"असं कसं झालं? माप तं मीच देलतं बाबाले. तुमी झोपले होते तवा दोरा गुंडाळून."

"कवा घेतलं तू माप?"

"आपण कूलर काढला होता ना माळ्यावरून, त्या दिवशी दुपारी."

मी बोटाकडे पाहिलं. मग तिनंही पाहिलं. त्या दिवशी कूलरच्या गवताच्या जाळीत गांधीलमाश्यांचं पोळं निघालं होतं आणि त्यातली एक माझ्या याच बोटाला चावली होती. बोट गाजराएवढं झालं होतं. मी गोळी घेऊन झोपलो, आणि ती संधी साधून माझ्या पत्नीनं गाजराचं माप पुसदला पाठवलं.

"मंग तथीच काहून नाई सांगतलं सैल हाये म्हणून?" तिनं उलट मलाच धरलं.

"तू त्यायचं बोट पाह्यलं का? पांढरा पट्टा पाह्यला?"

तिनं तो पाहिला होता. त्यामुळे सोमवारी आम्ही गुपचूप महागावच्या सोनाराकडे गेलो. ते माझ्या वडिलांच्या ओळखीतले, शांत माणूस. अंगठी बोटात फिरवून त्यांनी तीन उपाय सांगितले. एक, कापून लहान करायची आणि पुन्हा जोडायची. दोन, आतून सोन्याचे दोन बारके दाणे लावायचे, म्हणजे ती बोटाला धरून राहते. आणि तीन, दोरा गुंडाळायचा.

"पह्यला उपाय सगळ्यात चांगला," ते म्हणाले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "धोंड्याचं वाण कापतेत कधी? कापाचं नाई." पहिला उपाय गेला. दाण्यांसाठी अंगठी आठ दिवस सोनाराकडे ठेवावी लागणार होती आणि रविवारी मामाजी येणार होते. दुसराही गेला. राहिला दोरा. आईनं देवघरातला लाल दोरा घेतला आणि एखादं गाठोडं बांधावं तशी अंगठी आतून गुंडाळली. मंगळवारी ती फिट होती. बुधवारी सकाळी आंघोळ केली, दोरा ओला झाला, आणि मी कामाला गेलो.

माझं काम सांगायला हवं. मी बाजारात एका व्यापाऱ्याकडे सोयाबीनची प्रत पाहतो. पेरणीच्या तोंडावर लोक घरात राखलेला माल काढतात. प्रत पाहायची म्हणजे ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळातले दाणे वर आणायचे आणि माल कितीही चांगला असला तरी तोंड वाकडं करायचं. त्या दिवशी राठोडकाका नावाच्या शेतकऱ्याचा ढीग होता. मी हात घातला, दाणे काढले, तोंड वाकडं केलं, आणि मग ते खरोखरच वाकडं झालं. बोटात फक्त लाल दोरा होता.

"काय झालं साहेब? माती हाये का लय?"

"नाई काका. सोनं हाये."

पुढचा दीड तास अख्खा ढीग चाळणीतून काढला. हमाल बसले, व्यापारी बसले, बाकीचे शेतकरी गोल करून उभे राहिले. माझा जीव टांगणीला लागला होता. डोळ्यांसमोर सारखा तो पांढरा पट्टा येत होता. राठोडकाका मात्र मजेत होते. "पहा साहेब, तुमी म्हणत होते प्रत हलकी हाये. सोनं निघून राह्यलं आता माह्या मालात. भाव वाढवा." शेवटची दोन घमेली उरली तेव्हा अंगठी सापडली. (भावही वाढवावा लागला. त्याचं मी शेठला काय कारण सांगितलं, ते इथे नको.)

बाजाराच्या समोरच रफिकभाईंचं गॅरेज. आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसलेलो. ते सगळं पाहत होते. त्यांनी मला हाक मारली, अंगठी दिव्याखाली धरली आणि डोकं हलवलं.

"दोऱ्यानं होते का हे? याले रबर पाह्यजे." सायकलच्या वालट्यूबचा एक तुकडा उभा चिरून त्यांनी अंगठीच्या आत बसवला. "घाल आता. जिंदगीत नाई निघणार."

खरंच, अंगठी बसली. हात झटकला, उलटा केला, आपटला, अंगठी जागची हलली नाही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी सुखात होतो. फक्त रात्री काढून फळीवर ठेवायचो, कारण रबराखाली घाम यायचा.

रविवारी सकाळी अंगठी फळीवर नव्हती. आईकडे होती. "रबर दिसून राह्यलं होतं रे," ती म्हणाली. "ईवाई येऊन राह्यले, बरं दिसते का? मी वरून दोरा गुंडाळला." म्हणजे आत वालट्यूब, तिच्यावर लाल दोरा, आणि या दोघांतून उरलेल्या जागेत माझं बोट. साबण लावून, दात आवळून मी ते आत ढकललं. गेलं. मग परत काढायला गेलो तर येईना. म्हटलं असू दे, आज काढायचीच नाही.

दहा वाजता मामाजी कैऱ्यांचं पोतं घेऊन उतरले तेव्हा बोट लाल होतं. चहा झाला तेव्हा जांभळं. जेवायला बसलो तेव्हा ते ताटातल्या वांग्याच्या शेजारी वेगळं ओळखू येत नव्हतं. मामाजींनी माझा हात धरला.

"जवाईबापू, हे तं घट्ट झाली."

"नाई मामाजी, फिट हाये."

"कायची फिट? रुतली पुरी." त्यांनी बोट उलटसुलट पाहिलं आणि अचानक त्यांचा चेहरा फुलला. "वैशाली, पाह्य व! आठच दिवसात जवायाची तब्येत सुधारली. लेकीच्या हातचं लागलं त्यायले."

वैशालीनं तोंडाला पदर लावला. मामाजींनी मला मागे बसवलं आणि माझीच मोटारसायकल काढून थेट सोनाराच्या घरी नेली. सोनारकाकांनी बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बारीक करवत काढली. पहिलाच उपाय चांगला असं ते सोमवारीच म्हणाले होते. अंगठी कापली गेली. आतून लाल दोरा निघाला, दोऱ्याखालून वालट्यूब निघाली. मामाजींना दिसायच्या आत सोनारकाकांनी त्या दोन्ही वस्तू मुठीत घेतल्या आणि टेबलाखालच्या डब्यात टाकल्या. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मामाजी म्हणाले, "आता माह्या समोर माप घ्या. मागच्या खेपेले दोऱ्यानं घेतलं, तथीच चुकलं."

सोनारकाकांनी मापाच्या कड्यांचा जुडगा उचलला, मग खाली ठेवला. "बोट सुजलेलं दिसते. दोन दिवसानं घेऊ माप."

"सुजलं कायचं? बोट जाड झालं त्यायचं. काहो जवाईबापू?"

दोघं माझ्याकडे पाहत होते. हीच वेळ होती. गांधीलमाशी, दोरा, राठोडकाका, वालट्यूब, सगळं एका दमात सांगून मोकळं होता आलं असतं. मी तोंड उघडलं. मामाजींचा हात टेबलावर होता, आणि पांढरा पट्टा थेट माझ्यासमोर.

"सूज नाई," मी म्हणालो. "बोटच तसं हाये माह्यं."

सोनारकाकांनी डोळे मिटले आणि माप घेतलं.

"त्याच्याऊन दोन नंबर मोठी ठेवा," मामाजी म्हणाले. "तब्येत आणखी सुधारन."

आठ दिवसांनी अंगठी आली. सूज तोवर केव्हाच उतरली होती. आता तिच्यात माझी दोन बोटं एकदम बसतात, आणि तरी थोडी जागा राहते. संध्याकाळी पुसदहून मामाजींचा फोन आला.

"फिट हाये ना, जवाईबापू?"

"एकदम फिट, मामाजी."

फोन साधा होता, त्यांना माझा हात दिसत नव्हता. तरी बोलणं संपेपर्यंत मी मूठ आवळून उभा होतो.